क्षणिक ताऱ्यांची वार्ता आणि तिचे साक्षीदार

आकाशातील बहुतेक घडामोडी इतक्या संथ गतीने चालतात की मनुष्याच्या एका आयुष्यात त्यांतील बदल डोळ्यांस जाणवत नाही. आपल्या आजापणजांनी ज्या सप्तर्षींवरून दिशा ओळखली त्यांच्यावरूनच आपणही ती ओळखतो. तथापि याच आकाशात काही घटना अशा घडतात की त्या काही महिन्यांत, काही दिवसांत, कित्येकदा तर दोन सेकंदांच्या आत आटोपतात. एखादा तारा एकाएकी सहस्रपटींनी उजळतो आणि पुन्हा मंदावू लागतो. कोठून तरी गॅमा किरणांचा लोट येतो आणि थांबतो. अशा घटनेचा अभ्यास व्हावयाचा असेल तर ज्याने ती प्रथम पाहिली त्याने ती इतरांस तत्काळ कळविली पाहिजे, आणि इतरांनी त्याच्या शब्दावर निदान दूरदर्शक वळविण्याइतका तरी विश्वास ठेवला पाहिजे. या कळविण्याचा आणि विश्वास ठेवण्याचा गेल्या साडेचारशे वर्षांचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

पाळकांच्या व धर्मशिक्षकांच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की या इतिहासात पाळकवर्गातील आणि ईश्वरविज्ञान शिकलेल्या व्यक्ती वारंवार भेटतात व त्यांचे कार्य आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. दुसरे असे की साक्ष कोणाची घ्यावी, तिची पारख कशी करावी, ती किती लवकर प्रसिद्ध करावी आणि चुकीची ठरल्यास काय करावे, हे प्रश्न मंडळीची सेवा करणाऱ्या प्रत्येकापुढे नित्य उभे राहतात. एका परक्या विद्येने हे प्रश्न कसे सोडविले, हे पाहणे आपणांस उपयोगी पडेल असे वाटते.

१. पत्रांचा काळ

सन १५७२ च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा तारकासमूहात एक अपरिचित तेजस्वी तारा दिसू लागला. ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी टायको ब्राहे याने तो पाहिला, तेव्हा त्याने प्रथम काय केले हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. सोबतच्या नोकरांस आणि वाटेने जाणाऱ्या शेतकऱ्यांस त्याने वर बोट दाखवून विचारले, की तेथे तुम्हांसही काही दिसते काय? त्यांनी होकार दिल्यावर मगच त्याने आपली उपकरणे काढली. ज्यांना अक्षरओळखही नसेल अशा माणसांची साक्ष त्या काळातील एका थोर सरदारपुत्राने ग्राह्य धरली.

टायको हा या ताऱ्याचा पहिला द्रष्टा नव्हता. विटेनबर्ग येथे वोल्फगांग शूलर याने तो काही दिवस आधीच पाहिला होता. सिसिलीत मठाधिपती फ्रान्चेस्को माउरोलिको याने आणि स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे हेरोनिमो मुन्योस यानेही त्याचे वेध घेतले. परंतु यांपैकी कोणासही दुसऱ्याची वार्ता त्या दिवसांत मिळण्याचा संभव नव्हता. टायकोचे पुस्तक १५७३ साली निघाले आणि १५७४ च्या वसंतात तारा नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. प्रत्येकाने आपापल्या गावी एकट्याने पाहिले आणि तारा मावळल्यानंतर आपसांत पडताळा घेतला, अशी ही स्थिती होती.

असे असूनही त्या पडताळ्यातून मोठा निष्कर्ष निघाला. तारा चंद्राहून जवळ असता तर दूरदूरच्या शहरांतून पाहताना तो मागील ताऱ्यांच्या तुलनेने निरनिराळ्या जागी दिसावयास हवा होता. तो सर्वांस एकाच जागी दिसला. चंद्राच्या पलीकडील आकाशात कधी काही बदलत नाही, या ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेल्या समजुतीस त्यामुळे जबर धक्का बसला.

याच पिढीतील डेव्हिड फॅब्रिशियस हे पूर्व फ्रीजलंडातील ल्यूथरपंथी पाळक होते. सन १५९६ च्या ऑगस्टमध्ये तिमिंगल तारकासमूहातील एक तारा उजळलेला त्यांनी पाहिला, काही आठवड्यांत तो दिसेनासा होताना पाहिला आणि ती वार्ता टायकोस पत्राने कळविली. हा तारा सुमारे अकरा महिन्यांच्या अंतराने पुनःपुन्हा उजळतो, हे पुढील शतकात सिद्ध झाले. १६०४ च्या ऑक्टोबरात भुजंगधारी तारकासमूहात दुसरा तेजस्वी नवा तारा प्रकटला, तेव्हा प्राग येथे योहानस केप्लर याच्या डोक्यावर ढगांचे आच्छादन होते. वार्ता कानी येऊनही १७ ऑक्टोबरपर्यंत त्यास तो पाहता आला नाही. केप्लर स्वतः ट्यूबिंगेन येथे ईश्वरविज्ञान शिकलेला होता. त्याने या ताऱ्यावरील आपल्या १६०६ च्या ग्रंथात स्वतःच्या वेधांबरोबर पाळक फॅब्रिशियस यांच्या वेधांचाही आधार घेतला. ढगांखाली असलेल्या माणसाने निरभ्र आकाशाखालील माणसावर विसंबावे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

२. तारेची वार्ता

पुढील अडीच शतके वार्तेचा वेग घोड्याचा आणि जहाजाचाच राहिला. १६८९ साली पाँडिचेरी येथे एका धूमकेतूचे वेध घेत असताना फादर जाँ रिशो या जेझुइट धर्मगुरूंस नरतुरंगातील सर्वांत तेजस्वी तारा हा वस्तुतः जोडतारा आहे असे आढळले. ही वार्ता युरोपात गेली ती समुद्रमार्गे, पत्राने. जोडताऱ्यास उशिराने काही बिघडत नाही. क्षणिक घटनेचे मात्र तसे नाही.

ही अडचण १८६६ साली स्पष्ट झाली. १२ मे रोजी आयर्लंडमधील ट्यूअम गावाजवळ राहणारे जॉन बर्मिंगहॅम यांस उत्तर मुकुट तारकासमूहात एक नवा तारा दिसला. त्यांनी लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्रास कळविले. वृत्तपत्राने ते छापले नाही. मग त्यांनी लंडनचे विल्यम हगिन्स यांस लिहिले. हगिन्स यांनी १६ मे रोजी त्या ताऱ्याचा वर्णपट पाहिला आणि त्यात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा त्यांस आढळल्या. नवताऱ्याच्या वर्णपटाचे हे पहिले परीक्षण होय. तारा आठवड्याभरातच नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. एका संपादकाच्या उपेक्षेने हे ज्ञान थोडक्यात हातचे गेले असते.

तारयंत्राने हा प्रश्न सुटेल असे वाटत होते. परंतु तार कोणी, कोणास व कोणाच्या खर्चाने करावयाची हे ठरलेले नव्हते. सन १८७३ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस जोसेफ हेन्री यांनी अटलांटिक महासागराखालील तारेवरून शोधांच्या वार्ता विनामूल्य जाव्यात अशी व्यवस्था केली. सन १८८३ मध्ये अमेरिकेतील हे काम हार्वर्ड वेधशाळेकडे गेले. युरोपसाठी त्याच सुमारास जर्मनीतील कील येथे मध्यवर्ती कचेरी स्थापन झाली. वेधशाळांनी वर्गणी भरावयाची, कचेरीने वार्ता तपासून सर्वांस एकाच वेळी कळवावयाची, असा हा शिरस्ता होता.

तारेत एक अंक चुकला तर दूरदर्शक आकाशाच्या भलत्याच भागाकडे वळावयाचा. सबब या तारांसाठी सांकेतिक लिपी ठरविण्यात आली आणि पुढे पाच-पाच अंकांचे गट करून शेवटी आधीच्या गटांच्या बेरजेवरून काढलेला एक पडताळा-अंक जोडण्याची पद्धत पडली. घेणाऱ्याने बेरीज करावयाची. ती जुळली नाही तर वाटेत काही बिघडले आहे असे समजावयाचे. वार्तेबरोबरच तिची परीक्षा करण्याचे साधनही पाठवावे, हा विचार यामागे होता.

या व्यवस्थेची कसोटी पाहणारा एक प्रसंग १८९२ साली घडला. १ फेब्रुवारी रोजी स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलंड यांस एडिंबरो येथे एक साधे पोस्टकार्ड मिळाले. सारथी तारकासमूहात नवा तारा दिसतो आहे, असे त्यात लिहून त्याचे स्थान सांगितले होते. खाली नाव नव्हते. निनावी पत्र फेकून देण्यास कोणासही निमित्त पुरेसे होते. कोपलंड यांनी त्याच रात्री आकाश पाहिले, तारा आढळला आणि तारा सुटल्या. पत्र लिहिणारे टॉमस डेव्हिड अँडरसन हे पाळकपणासाठी ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेतलेले, परंतु खाजगी जीवन जगणारे गृहस्थ होते. लहानशी दुर्बीण आणि एक नकाशा एवढ्यावर त्यांचे काम चाले. पुढे हार्वर्डच्या जुन्या छायाचित्रांत हा तारा १८९१ च्या डिसेंबरापासून असल्याचे आढळून आले. काचेवर तो उमटला होता, पण त्या काचा त्या वेळी कोणी तपासल्या नव्हत्या. याच अँडरसन यांनी १९०१ च्या फेब्रुवारीत ययाति तारकासमूहातील अधिक तेजस्वी नवतारा शोधला.

सन १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि कील येथील कचेरीचा शत्रुराष्ट्रांशी असलेला संबंध तुटला. तेव्हा तटस्थ डेन्मार्कमधील कोपनहेगन वेधशाळेचे एलिस स्ट्रॉमग्रेन यांनी हे काम अंगावर घेतले. युद्धानंतर १९१९ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिष संघ स्थापन झाला, पराभूत राष्ट्रांस त्यात आरंभी स्थान नव्हते, आणि मध्यवर्ती कचेरी काही काळ ब्रुसेल्सजवळ नेण्यात आली. १९२२ साली ती पुन्हा कोपनहेगनास आली आणि १९६५ च्या प्रारंभी अमेरिकेतील केंब्रिज येथे गेली. माणसे एकमेकांचे गळे कापीत असताना धूमकेतूंच्या वार्ता दोन्ही पक्षांस पोहोचविणारे एक टेबल कोपनहेगनात चालू राहिले, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या हैदराबादच्या वाचकांस येथे एक नाव ओळखीचे वाटेल. निझामिया वेधशाळेत काम करणाऱ्या पित्याचे पुत्र वेणू बाप्पू हे १९४९ साली हार्वर्ड येथे शिकत असताना, त्यांनी घेतलेल्या छायाचित्रावर एक नवा धूमकेतू आढळला. बार्ट बॉक आणि गॉर्डन न्यूकर्क या सहकाऱ्यांच्या नावांबरोबर त्यांचे नाव त्या धूमकेतूस मिळाले. पुढे आधुनिक भारतीय वेधशाळांच्या उभारणीत त्यांचा वाटा फार मोठा ठरला.

३. परसातील पाळक

ऑस्ट्रेलियातील रेव्ह. रॉबर्ट एव्हान्स यांचे चरित्र आमच्या वाचकांस विशेष जवळचे वाटावे. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या ऐक्यातून १९७७ साली तेथे जे संयुक्त चर्च निर्माण झाले त्याचे ते पाळक होते. ऑस्ट्रेलियातील आध्यात्मिक संजीवनांच्या इतिहासावर त्यांनी ग्रंथही लिहिले. रात्री मात्र ते घराच्या परसात दूरदर्शक मांडून दूरच्या दीर्घिका एकामागून एक पाहत. आरंभीचा त्यांचा दूरदर्शक अवघा २५ सेंटिमीटर व्यासाचा होता.

अतिदीप्त नवतारा म्हणजे एका संपूर्ण ताऱ्याचा स्फोट. एका दीर्घिकेत असा स्फोट शतकात एक-दोनदाच घडतो. म्हणून तो गाठावयाचा असेल तर शेकडो दीर्घिका पुनःपुन्हा पाहाव्या लागतात. एव्हान्स यांनी हजाराहून अधिक दीर्घिकांची आणि त्यांच्या आसपासच्या ताऱ्यांची मांडणी तोंडपाठ केली होती. नकाशा न उघडता एका दृष्टिक्षेपात त्यांस कळे, की येथे काल नव्हता असा एक ठिपका आज आहे. अनेक वर्षे काहीच हाती लागले नाही. १९८१ साली प्रथम यश आले आणि अखेरपर्यंत डोळ्यांनी पाहून लावलेल्या शोधांची संख्या ४० च्या वर गेली. २०२२ साली ते निवर्तले.

त्यांच्या तत्पर वार्तेचे मोल १९८३ च्या जुलैत दिसून आले. वासुकी तारकासमूहातील एका मोठ्या दीर्घिकेत त्यांनी अतिदीप्त नवतारा पाहिला तो त्याचे तेज शिखरास पोहोचण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी. कचेरीमार्फत वार्ता जाताच रेडिओ दूरदर्शक तिकडे वळले आणि स्फोटाचा आरंभीचा काळ अभ्यासता आला. या ताऱ्याच्या वर्णपटावरून अतिदीप्त नवताऱ्यांचा एक निराळाच वर्ग पुढे मान्य झाला. परसातील एका पाळकाच्या शब्दावर मोठमोठी यंत्रे वळली, कारण तो शब्द वर्षानुवर्षे खरा ठरत आला होता.

४. १९८७ चा फेब्रुवारी

२४ फेब्रुवारी १९८७ च्या पहाटे चिलीतील लास कॅम्पानास पर्वतावर इयान शेल्टन यांनी मोठ्या मॅगेलनी मेघाचे छायाचित्र घेतले आणि काच लगेच धुऊन पाहिली. त्यावर एक मोठा ठिपका होता. बाहेर येऊन पाहतात तो तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्याच पर्वतावर ऑस्कर दुआल्दे यांस तो थोडा वेळ आधी दिसला होता. न्यूझीलंडमध्ये आल्बर्ट जोन्स या हौशी निरीक्षकांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. पर्वतावरून केंब्रिजला फोन लागेना, तेव्हा खालच्या ला सेरेना शहरात माणूस धाडून तार करावी लागली. कचेरीचे प्रमुख ब्रायन मार्सडेन यांनी त्याच दिवशी परिपत्रक काढले. केप्लरच्या काळानंतर नुसत्या डोळ्यांना इतका स्पष्ट दिसलेला हा पहिलाच अतिदीप्त नवतारा होता.

वार्ता मिळताच भूमिगत प्रयोगशाळांनी आपल्या नोंदी उलगडून पाहिल्या. जपानमधील कामिओका, अमेरिकेतील ओहायो आणि रशियातील बाक्सान येथील उपकरणांत २३ फेब्रुवारी रोजी काही सेकंदांच्या अवधीत मिळून सुमारे २५ न्यूट्रिनो नोंदले गेले होते. तारा कोसळताना निघालेले हे कण १,६८,००० प्रकाशवर्षांचे अंतर कापून आले होते. नोंद झाली होती. परंतु बाहेरून वार्ता येईपर्यंत तिचा अर्थ कोणास ठाऊक नव्हता.

या घटनेत न दिसण्याच्या नोंदीसही किंमत आली. न्यूट्रिनो येऊन गेल्यावर सुमारे दोन तासांनी जोन्स यांनी मेघाचा तोच भाग पाहिला होता आणि तेथे नवे काही नव्हते. त्यानंतर तासाभराने ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅकनॉट यांनी घेतलेल्या छायाचित्रात तारा उमटलेला होता, पण ते त्या वेळी तपासले गेले नव्हते. या दोन नोंदींमुळे स्फोटाचा प्रकाश बाहेर फुटण्याची वेळ तासाच्या हिशेबात ठरविता आली. आपण काही पाहिले नाही, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणाऱ्याची साक्षही अखेर कामी आली.

प्रकाशापूर्वी न्यूट्रिनो येतात हे समजल्यावर पुढील वेळी ती वार्ता आधीच मिळावी म्हणून भूमिगत उपकरणांचे एक जाळे उभारण्यात आले. २००५ पासून ते स्वयंचलित रीतीने चालत आहे. त्याचा नियम असा, की एकाच उपकरणाने हाक दिली तर जगास जागे करावयाचे नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या किमान दोन उपकरणांनी १० सेकंदांच्या आत तीच हाक दिली पाहिजे. एका साक्षीवर भिस्त ठेवू नये, हा फार जुना न्याय येथे यंत्रास शिकविला आहे.

५. मौनाची सहा वर्षे

सन १९६३ च्या करारान्वये वातावरणातील आणि अंतराळातील अणुचाचण्यांवर बंदी आली. ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'व्हेला' नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक लोट नोंदला. तो अणुस्फोटासारखा नव्हता. या शोधाचा वृत्तांत मात्र १९७३ साली प्रसिद्ध झाला. लष्करी गुप्ततेमुळे तो दडपला गेला असे पुष्कळदा सांगतात. परंतु विलंबाचे मुख्य कारण निराळे होते. पहिल्या उपग्रहांची घड्याळे लोट कोणत्या दिशेने आला हे ठरविण्याइतकी सूक्ष्म नव्हती. लॉस ॲलमॉस येथील रे क्लेबेसाडेल आणि त्यांचे सहकारी अधिक चांगल्या उपग्रहांची वाट पाहत राहिले. १९६९ ते १९७२ या काळातील १६ स्फोटांच्या वेळा ताडून पाहिल्यावर ते पृथ्वीवरून वा सूर्यावरून आलेले नाहीत अशी खात्री झाली आणि मगच त्यांनी लिहिले. घाई न करणे हाही वार्ताहराचा धर्म आहे, याचे हे उदाहरण होय.

तथापि सेकंदांत संपणाऱ्या घटनेचा अभ्यास वर्षांच्या विलंबाने होत नाही. १९९१ साली 'कॉम्प्टन' ही वेधशाळा अंतराळात गेली. तिच्यावरील ध्वनिफितीसारखी नोंदयंत्रे १९९२ साली बिघडली, म्हणून माहिती साठवून ठेवण्याऐवजी तत्काळ पृथ्वीवर धाडावी लागली. या आपत्तीतून एक लाभ झाला. गॉडार्ड केंद्रातील स्कॉट बार्थेल्मी यांनी ती माहिती येताच स्फोटाचे स्थान काढून जगभरच्या निरीक्षकांस आपोआप कळविणारी व्यवस्था १९९३ च्या सुमारास सुरू केली. २३ जानेवारी १९९९ रोजी या व्यवस्थेची हाक लॉस ॲलमॉस येथील एका लहान यंत्रास पोहोचली. साध्या कॅमेऱ्याची चार भिंगे बसविलेले ते यंत्र कोणाही माणसाच्या आज्ञेवाचून वळले आणि स्फोटानंतर २२ सेकंदांत त्याने छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. नऊशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश काही क्षण इतका तेजस्वी होता की साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून दिसला असता.

६. अनेक साक्षी, एक घटना

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील 'लायगो' प्रयोगशाळेत गुरुत्वीय तरंगांची एक दीर्घ नोंद झाली आणि तिच्यानंतर १.७ सेकंदांनी 'फर्मी' उपग्रहावर गॅमा किरणांचा लोट आला. हॅनफर्ड येथील यंत्राने हाक दिली; लिव्हिंग्स्टन येथील यंत्रात त्याच वेळी एक खरखर झाल्यामुळे संगणकाने तेथील नोंद बाजूस टाकली होती. माणसांनी प्रत्यक्ष आलेख पाहिले तेव्हा खरखरीच्या आड खरा तरंग स्पष्ट दिसला. इटलीतील 'व्हर्गो' यंत्रात तो अतिशय क्षीण होता. यावरूनच कळले की घटना व्हर्गोस जवळजवळ न दिसणाऱ्या दिशेस घडली असली पाहिजे, आणि शोधाचे क्षेत्र आकाशाच्या सुमारे ३० चौरस अंशांवर आले.

वार्ता सुमारे ४० मिनिटांत सहकारी वेधशाळांकडे गेली. चिलीत रात्र पडताच दूरदर्शक कामास लागले, आणि घटनेनंतर सुमारे ११ तासांनी वासुकी तारकासमूहातील १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू सापडला. तो शोधणारा एक मीटर व्यासाचा दूरदर्शक लास कॅम्पानासचाच होता, जेथून तीस वर्षांपूर्वी तार करावयास माणूस डोंगर उतरला होता. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची ही घटना सुमारे ७० वेधशाळांनी अभ्यासली. सोने-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये अशा संघातांत निर्माण होतात, याचा भक्कम पुरावा तीतून मिळाला. नारायणगावजवळील खोडद येथील विशाल रेडिओ दूरदर्शकाने तिचा पुढे पाठपुरावा केला. भारताच्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहास त्या क्षणी काहीच दिसले नाही, कारण ती दिशा पृथ्वीच्या आड होती. परंतु ही गोष्टही कळविली गेली आणि उपयोगी पडली.

त्या काळी गुरुत्वीय तरंगांच्या वार्ता केवळ करारबद्ध सहकाऱ्यांसच मिळत. १ एप्रिल २०१९ पासून त्या सर्वांस खुल्या झाल्या. लडाखमधील हान्ले येथे आय.आय.टी. मुंबई आणि बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी २०१८ पासून चालविलेला ७० सेंटिमीटरचा स्वयंचलित दूरदर्शक अशा हाकांचा पाठलाग करतो. मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, 'लायगो'चे भारतीय यंत्र उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली पूर्ण मंजुरी दिली. हा मुलूख एके काळी हैदराबाद संस्थानातला. तेथील आमच्या कित्येक वाचकांची मूळ गावे त्याच बाजूची आहेत. एकट्या यंत्रास तरंग कोठून आला हे सांगता येत नाही. दूरदूरच्या यंत्रांनी आपापल्या वेळा ताडल्या म्हणजेच दिशा कळते. म्हणून दूर असणे हाच औंढ्याच्या यंत्राचा सर्वांत मोठा गुण ठरणार आहे.

७. वार्तेची शिस्त

वार्ता सोपी झाली म्हणजे चूकही सोपी होते. २० मार्च २०१८ रोजी केपटाऊनचे प्राध्यापक पीटर डन्सबी यांनी एक अतिशय तेजस्वी नवी ज्योती दिसल्याची वार्ता प्रसृत केली. ती ज्योती मंगळ ग्रह होती. तासाभरातच त्यांनी त्याच मार्गाने, त्याच वाचकांस, आपल्या नावानिशी दुरुस्ती कळविली. लोक हसले, आणि त्यांचे कोणतेही नुकसान झाले नाही. वार्ता जितक्या मोठ्याने सांगितली तितक्याच मोठ्याने ती मागे घेणे, हा या क्षेत्रात अपमान मानला जात नाही. वार्तेचाच तो एक प्रकार समजला जातो. आपल्या सभा-मंडळांत असे किती वेळा घडते, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा.

आता अडचण उलट बाजूने येत आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली; बदललेल्या प्रत्येक प्रकाशबिंदूची वार्ता सुमारे एका मिनिटात, आणि एका रात्रीत सुमारे एक कोटी वार्ता, अशी तिची योजना आहे. इतक्या हाका कोणी ऐकाव्यात? त्यांची निवड संगणकच करतील. परंतु काय महत्त्वाचे मानावे हे संगणकास माणसानेच शिकवावयाचे आहे, आणि २०१७ च्या त्या दिवशी यंत्राने फेकलेली नोंद माणसाने उचलली, हे विसरून चालणार नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण अशा गावी सेवा करतात, जेथे रात्र अद्याप खरोखर काळोखी आहे. धूमकेतू दिसला वा तारा तुटला म्हणजे लोक पाळकाकडे किंवा धर्मशिक्षकाकडे येतात आणि हे कशाचे चिन्ह आहे असे विचारतात. त्यांना भिवविणे सोपे आहे आणि हसून परत पाठविणेही सोपे आहे. त्याऐवजी त्यांच्यासह अंगणात यावे. दिसणारी वस्तू ग्रह नाही ना, विमान वा कृत्रिम उपग्रह नाही ना, हे पाहावे. वेळ आणि जवळचे ओळखीचे तारे वहीत टिपावे. शेजाऱ्यास विचारावे की त्यासही तेथे काही दिसते काय. आणि तरीही ती वस्तू अपरिचितच राहिली तर जवळच्या वेधशाळेस वा खगोल मंडळास निःसंकोच कळवावे. टायकोने रस्त्यावर, अँडरसन यांनी पोस्टकार्डावर आणि एव्हान्स यांनी आपल्या परसात याहून फार निराळे काही केले नाही.